मेंदूचं धावतं वर्णन

आमच्या ताईच्या नवऱ्याला अख्खं मैदान 'भावोजी' म्हणतं, आणि त्याला कारण मी. फुटबॉलच्या मॅचला ते माईकवर बसायचे, मी शेजारी ॲम्प्लिफायरची बटणं सांभाळायचो. एकदा माईक चालू असताना मी ओरडलो, "भावोजी, वायर पायात आलीय तुमच्या!" ते सगळ्या मैदानानं ऐकलं. तेव्हापासून रेफरी, दोन्हीकडचे कोच, गवताला पाणी घालणारे म्हातारे माळीबुवा, सगळ्यांनी आपापली बहीण त्यांना दिल्यासारखं 'भावोजी' सुरू केलं. ताई म्हणते, "लग्न एकदाच केलं, पण मेव्हण्यांनी गॅलरी भरली."

दिवसा ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. तिथेही तोंड चालूच. "काच वळतेय, कडेला येतेय, अजून जरा, अजून जरा... आणि बसली! फ्रेममध्ये बसली!" गिऱ्हाईक चष्मा डोळ्यांना लावण्याआधी टाळ्या वाजवतं. घरी ताई कपडे वाळत घालत असली तरी हे मागे उभे. "दोरीवर चादर, वारा डावीकडून, चिमटा हातात... अरेरे, चिमटा निसटला!"

"निसटला ते मला दिसलं," ताई म्हणणार. "उचला."

असा हा माणूस एका मॅचला डोकं दुखतंय म्हणत आला. अंगात थोडा ताप होता, पण तापाला घाबरून माईक सोडतील तर ते भावोजी कसले. खेळ रंगात आला आणि त्यांनी मध्येच मला विचारलं, "रबर कुठे जळतंय रे?" मला कसलाच वास येत नव्हता. मग समोरच्या गोलकीपरनं सूर मारला आणि भावोजी गरजले, "कपाटानं झेप घेतली! कपाटानं अडवला!"

मैदान हसून लोळलं. गोलकीपर अंगानं दणकट होता, त्यानंही मान झुकवून दाद दिली. पण भावोजी विनोद करतात तेव्हा त्यांची डावी भुवई आधी वर जाते. ती जागची हलली नव्हती. पुढच्या हल्ल्यात चेंडूची 'उशी' झाली. लोक आणखी हसले. आणि मग त्यांनी माईकवर हात ठेवला, माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं, "हे सगळं हिरवं पसरलंय ना, ह्याला काय म्हणतात?"

मी ॲम्प्लिफायर बंद केला.

हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरबाई भेटल्या. ठेंगण्या, चालण्यात घाई, बोलण्यात त्याहून घाई. भावोजींना त्यांनी घड्याळ दाखवलं, पेन दाखवलं, कंगवा दाखवला. भावोजी म्हणाले, "फिरतं... लिहितं... विंचरतं." बाईंनी पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला पाठवलं आणि नर्सला सांगितलं, "रिपोर्ट यायचा तेव्हा येईल. औषध आत्ता लावा."

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी ताईला बाजूला बसवलं. "तापात कधीकधी ओठाच्या कडेला बारीक फोड येतात ना, तो विषाणू. मेंदूत गेलाय."

"ओठावरचा फोड डोक्यात चढला?"

"फार क्वचित होतं असं. लाखांत एखाद्याला."

"लाखांत एक नवरा मिळू दे म्हणायची माझी आजी," ताई म्हणाली. "अर्धंच ऐकलं बहुतेक देवानं." आणि मग ती रडली. आमची ताई विनोद करून झाल्यावरच रडते, आधी नाही.

ताप उतरला. भावोजी उशीला टेकून बसायला लागले, पण वस्तूंची नावं गेली होती. माणसांची तर साफ. क्रियापदं मात्र सगळी जागच्या जागी. एका सकाळी डॉक्टरबाई राउंडला आल्या आणि भावोजींनी त्यांची बाहीच धरली. "सांगा. वाजली ना, तिथपासून सांगा."

"काय वाजली?"

"शिट्टी," ताई म्हणाली. "मॅच पहिल्यापासून ऐकायची आहे त्यांना. डोक्यात काय काय झालं ते."

डॉक्टरबाईंना घाई होती. पण असं कुणी विचारलं की डॉक्टरांचा चेहरा बदलतो, हे मी तिथे पाहिलं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. त्यांनी बोटानं तिच्यावर एक कोळी काढला, त्याला लांबलचक शेपूट. "ही मेंदूची पेशी. हा पठ्ठ्या तुमच्या कानापुढच्या नसेच्या गाठीत कित्येक वर्षं झोपून होता. कशानं तरी जागा झाला आणि नस धरून वर निघाला."

"उठला!" भावोजी म्हणाले.

"पेशीच्या अंगावर प्रथिनांच्या खुंट्या असतात. बाहेरचे निरोप अडकवायच्या. ह्यानं नेमकी खुंटी पकडली."

"धरली!"

"त्याचं वरचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळलं आणि तो आत."

"घुसला!"

"आत गेल्यावर त्याला पाय नाहीत. पण पेशीत बारीक रूळ टाकलेले असतात, आणि त्यांच्यावरून ओझं वाहणारी प्रथिनं असतात. खरंच एकेक पाऊल टाकत चालतात हो ती! आपलेच प्रामाणिक हमाल. हा त्यांच्या पाठीवर."

"चढला! बसला! निघाला, निघाला, निघाला..."

"अहो," ताई म्हणाली, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

भावोजी गोंधळले. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी फक्त सांगतो." माईकवरच्या माणसाला बाजू नसते, हे त्यांचं जुनं तत्त्व. स्वतःच्या डोक्यातल्या मॅचलाही त्यांनी ते सोडलं नाही.

डॉक्टरबाई आता रंगात आल्या होत्या. त्यांनी कोळ्याच्या पोटात एक गोल काढला. "हे केंद्रक, पेशीचं मुख्य ऑफिस. त्याच्या दाराशी येऊन ह्यानं आपली जनुकांची तार आत सोडली. आता पेशीच्याच यंत्रांवर ह्याची पिल्लं तयार होणार. शिवाय येताना हा कातर घेऊन आलेला असतो. पेशीचे स्वतःचे निरोप, 'हे प्रथिन बनवा, ते बनवा', असे, हा कचाकचा कापून टाकतो. कारखाने रिकामे झाले की लागतात ह्याचा माल काढायला. धोक्याची घंटा वाजवणारी प्रथिनं असतात, त्यांचाही गळा दाबतो."

ह्यावेळी भावोजींनी स्वतःच्या कपाळाला हात लावला. मग विचारलं, "कापले? माझे?"

"तुमचे."

त्यांनी मान हलवली, एखाद्या चांगल्या खेळाडूला पायात पाय घालून पाडलेलं पाहावं तशी.

"पण खरा गोंधळ पुढे आहे," बाई म्हणाल्या. "पेशी फुटली की तिच्यातलं ग्लुटामेट बाहेर सांडतं. पेशी एकमेकींशी बोलतात ते ह्याच रसायनानं. चिमूटभर असलं तर बोलणं, घागरभर सांडलं तर नुसता आरडाओरडा. शेजारच्या पेशींची दारं उघडीच राहतात आणि कॅल्शियमचा लोंढा आत शिरतो. तो उपसता उपसता आतल्या ऊर्जेच्या भट्ट्या थकून विझतात. कॅल्शियमनं जागी झालेली कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, स्वतःच्याच घराच्या तुळया कुरतडायला लागतात. विषाणूनं ज्यांना बोटही लावलं नव्हतं, अशाही पेशी त्यात जातात."

"म्हणजे गॅलरी मैदानात उतरली," मी म्हणालो.

"अगदी! आणि मग काय येतं?"

"पोलीस!" मीच म्हणालो.

"मेंदूचे स्वतःचे पहारेकरी असतात. ते रसायनं फेकायला लागतात. दंगेखोर मरतात, पण चार सज्जनही भाजतात. सगळं सुजतं. आणि कवटी काही सैल होत नाही."

पलीकडच्या खाटेवरचे काका पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेले असूनही कोपरावर उठून ऐकत होते. त्यांना राहवेना. "मग हरलो काय आपण?"

"छे! सलाइनमधून आम्ही एक खोटी वीट सोडली," डॉक्टरबाईंनी बाटलीवर टिचकी मारली. "गंमत ऐका. ही वीट आहे तशी निरुपयोगी. तिला कामाची बनवतं ते विषाणूचं स्वतःचं विकर! तेच तिला उचलतं, सजवतं, आणि मग ती त्याच्या नव्या तारेच्या बांधकामात जाऊन बसते. आणि तिच्यावर पुढची वीट बसतच नाही. बांधकाम ठप्प."

भावोजी ताडकन सरळ झाले. सुईची नळी ताणली गेली. "स्वतःच! स्वतःच्याच... स्वतःच मारला!"

"स्वयंगोल!" मी आणि काका एकदम ओरडलो. काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नर्सनं येऊन आम्हाला सगळ्यांना, डॉक्टरबाईंसकट, दटावलं.

जाताना ताईनं डॉक्टरबाईंना दारात गाठलं. "गेलेल्या पेशी परत येतील?"

"मेलेल्या नाही येत. पण उरलेल्या नवी सूतं जुळवतात. नावांचा भाग डावीकडे कानाजवळ असतो, मार तिथे जास्त बसलाय. क्रियापदांचं खातं बरंचसं पुढे आहे, तिथे झळ कमी लागली. किती जुळेल ते मी आत्ता सांगू शकत नाही. बोलत ठेवा त्यांना."

त्यांना बोलत ठेवा, हा सल्ला आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी दिला होता.

घरी आल्यावर भावोजी कामाला लागले. काचा घासायला तर पहिल्याच आठवड्यात बसले. हातांना कशाचं नाव लागत नाही. संध्याकाळी वाचा शिकवणाऱ्या बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. काही नावं परत यायची आणि दुसऱ्या दिवशी पळायची. भावोजींना एकच घोर होता, माईक. मैदानाच्या सेक्रेटरींकडे त्यांनी मला पाठवलं. सेक्रेटरी म्हणजे फरशीवाले, मनानं मऊ माणूस. लगेच म्हणाले, "येऊ दे की! भावोजींशिवाय मैदान म्हणजे नुसतं गवत."

आता आमच्या मैदानाची एक अडचण आहे. एका अंगाला पाण्याची मोठी टाकी आहे, आणि गर्दी झाली की निम्मं पब्लिक टाकीमागे जातं. त्यांना मॅच दिसत नाही, फक्त ऐकू येते. माईकवरच्या माणसाचा खरा कस लागतो तो ह्या टाकीमागच्यांपुढे.

मुलांची मॅच होती. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि सुरुवात झोकात केली. "आला, आला, वळला, आडवा आला, पडला, उठला, सुटला, पुढे आला, मारला... गेला! गेला! गेला!"

समोर बसलेल्यांना कळलं, चेंडू बाहेर गेला. टाकीमागून एका आजीबाईंचा आवाज आला, "अगं बाई! कोण गेला?"

"पोरगा पडला होता म्हणे."

"आत्ता तर उठला होता!"

"शेवटचंच उठला बिचारा."

स्ट्रेचरवाले धावत सुटले. गोलकीपरची आई टाकीला वळसा घालून धावत आली आणि धडधाकट पोराला सगळ्यांदेखत कवटाळून बसली. मध्यंतरात फरशीवाले घाम पुसत आले. "भावोजी, काय सांगू. टाकीमागे लोकांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली हो."

मला हसू आलं. भावोजींना आलं नाही. फरशीवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "राग मानू नका. रविवारी मुलींची फायनल आहे, तिला दुसरा माणूस बघतो. आणि त्याचं जमलं, तर मग... पुढचंही त्यालाच द्यावं लागेल."

त्या आठवड्यात ताई कपडे वाळत घालत होती, चिमटा निसटला. मागून आवाज आला नाही. भावोजी खुर्चीत बसून होते. ताईनं चिमटा स्वतःच उचलला, आणि तो हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

मग शनिवार. मी आणि ताई बाहेरच्या खोलीत, भावोजी आत. आतून हाक आली, "गेलं! अगं, गेलं!" ताई बोलता बोलता उठली, आत जाऊन दूध उतरवलं, परत आली, आणि दारातच थबकली.

"अरे, मला कसं कळलं?"

"काय?"

"दूध आहे ते. नाव कुठे घेतलं त्यांनी?"

"'गेलं' म्हणाले ना. गॅस असता तर 'गेला' म्हणाले असते."

"आणि वीज असती तर 'गेली'." ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं चपलाच घातल्या. "चल फरशीवाल्यांकडे."

"आता? कशाला?"

"अरे गाढवा, मुलगा 'आला', चेंडूही 'आला'. टाकीमागच्यांना कळणार कसं कोण आला? उद्या मुली आहेत! मुलगी 'आली', चेंडू 'आला'. आहे का कुठे घोळ?"

फरशीवाल्यांनी ते दोनदा ऐकून घेतलं. "ते ठीक आहे, ताई. पण दोन टीम. कुठल्या टीमची आली?"

"शर्ट कुठल्या रंगाचे आहेत?"

"निळे आणि पिवळे."

"मग झालं! निळी आली, पिवळी आली. रंग जागेवर आहेत त्यांचे."

"आणि लाल असते तर?"

"तर तुमच्याकडे आलेच नसते मी. लाल कुठेही लालच."

फरशीवाले हसले, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "पहिला हाफ देतो. टाकीमागून एक जरी 'कोण गेला' आलं, तर मी माईक दुसऱ्याच्या हातात देणार. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाली, आणि बाहेर येऊन फरशीवाल्यांच्याच चपला घालून निघाली.

रविवारी तो दुसरा माणूस आमच्या मागच्याच खुर्चीत येऊन बसला. गळ्यात मफलर, खिशात लवंग. मी बटण दाबलं. शिट्टी झाली. भावोजींनी श्वास घेतला.

"निघाली! निळी निघाली, मागे टाकला, परत घेतला, वळली... पिवळी आडवी आली! निळी थांबली, फिरवला, पिवळी फसली! सुटली, सुटली, एकटीच सुटली, उंचावला... बाहेर गेला!"

मी टाकीकडे कान लावले. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की हातातलं बटण फिरेना. टाकीमागून आवाज आला.

"श्शी! हातची संधी घालवली निळीनं."

"पिवळी फसली होती की चांगली!"

ताईनं दंड सोडला. आणि मग भावोजी असे काही सुटले म्हणता! नावं नव्हती ते एका अर्थी बरंच झालं, अडायला काही राहिलंच नाही. नुसता खेळ. "पिवळीनं हिसकावला, पळाली, दमली, दिला, दुसरीनं घेतला, चुकली, सावरली, हाणला! उंच झेपावली, उंच झेपावली, बोटांनी... थोपवला!" 'बोटांनी' हे नाव कधी आलं आणि कधी गेलं, त्यांना कळलंसुद्धा नाही. मला कळलं. ताईलाही. टाकीमागचे उड्या मारत होते. समोर बसलेले काहीजण टाकीमागे जाऊन उभे राहिले, तिथून मॅच जास्त चांगली दिसते म्हणून.

पहिला हाफ संपला. मागची खुर्ची रिकामी होती. मफलरवाला टाकीमागे गेला होता, ऐकायला.

दुसरा हाफ बरोबरीत चालला होता, आणि अगदी शेवटाला निळ्या शर्टातली एक किडकिडीत पोर कोपऱ्यातून निघाली. "निघाली. कुणी बघत नाही. वळली. एक पिवळी चुकवली. दुसरी चुकवली. पडली! उठली! चेंडू..." भावोजी क्षणभर थांबले, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, "चेंडू! चेंडू अजून तिचाच! मारला! उंच झेपावली, नाही पोचली, नाही पोचली... हलली! हलली! हलली!"

"जाळी!" टाकीमागून शंभर गळे ओरडले.

लोक पांगायला लागले तसे फरशीवाले आले. डोळे पुसत होते, पण आवाज सेक्रेटरीचा. "मुलींच्या मॅचेस तुमच्या, भावोजी. लेखी घ्या. मुलांचं मात्र अजून बघू."

"बघू," भावोजी म्हणाले. दमले होते, शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

तेवढ्यात ती किडकिडीत पोर आली. गुडघा सोललेला, तोंड फुगलेलं. "भावोजी, गोल मी मारला."

"हो! मारला! कसला मारला!"

"पण तुम्ही नुसतं 'निळी, निळी'. आम्ही सगळ्याच निळ्या होतो. माझी आई टाकीमागे होती, तिला अजून माहीत नाही की ती मी होते. बघा, निघाली घरी."

भावोजींचा चेहरा उतरला. फाटकाकडे जाणाऱ्या गर्दीकडे त्यांनी पाहिलं. मग खुर्ची ओढून पोरीला समोर बसवलं. "सांग."

तिनं नाव सांगितलं. भावोजींनी ते म्हटलं, आणि ते भलतंच निघालं. ताई पुढे झाली, "अहो राहू दे, मी सांगते माईकवर..." भावोजींनी तिला हातानंच थांबवलं. पोरीनं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर, त्यांच्या तोंडाकडे बघत. अर्धं आलं. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले, ओठ नुसतेच हलवले, आणि मला खूण केली.

मी बटण दाबलं.

मैदानभर तिचं नाव घुमलं. जरा अडखळत, पण अख्खं. फाटकाशी पोचलेली एक बाई थांबली, मागे वळली, आणि पिशवी छातीशी धरून गर्दीच्या उलट्या दिशेनं धावत सुटली. भावोजी तिच्याकडे बोट दाखवत उभेच राहिले, तोंडातून शब्द फुटेना, क्रियापदसुद्धा.

पोरगी खुर्चीतून हलली नव्हती. तिनं त्यांची बाही ओढली.

"आता आडनाव."